बीळ आधी, घर नंतर : कूबर पीडी जमिनीखाली का राहते?

एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे सरकला की ऑस्ट्रेलियातल्या एका गावाचे व्हिडिओ दरवर्षी न चुकता मोबाइलवर येऊ लागतात. झाडाचे नाव नसलेल्या एका माळावर, टेकाडाच्या पोटात एक साधे दार दिसते. ते उघडले की आत दिवाणखाना, पुस्तकांचे कपाट, पलंग, भिंतीवर लावलेले कुटुंबाचे फोटो, आणि भिंत म्हणून विटांऐवजी सलग, लालसर-पिवळा खडक. बाहेर पंचेचाळीस अंश, आत पंख्याचीही गरज नाही. पाहणाऱ्याच्या मनात त्यावर दोनच गोष्टी येतात. एक, काय डोके लढवले आहे या लोकांनी! आणि दुसरी, यांना गुदमरत कसे नाही?

या गावाचे नाव कूबर पीडी. वरचे दोन्ही विचार स्वाभाविक असले तरी दोन्ही थोडे चुकतात. घुसमटीचे उत्तर पुढे येईलच; पण पहिल्या विचारातली चूक अधिक महत्त्वाची आहे. हे गाव उन्हावर उपाय शोधत विचारपूर्वक जमिनीखाली गेलेले नाही. तिथली माणसे एका दगडासाठी आधीच जमीन खणत होती, हातात कुदळी होत्या, समोर तयार भोके होती, आणि डोक्यावर ऊन होते. बीळ आधी झाले, घर त्याच्यात नंतर आले. हा क्रम ध्यानात ठेवला की या गावाविषयीच्या बहुतेक कोड्यांचा उलगडा आपोआप होतो.

गाव आहे तरी कुठे?

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर ॲडलेड हे मोठे शहर आहे. तिथून पोर्ट ऑगस्टा या गावाला गेले की स्टुअर्ट हायवे नावाचा रस्ता सुरू होतो आणि खंडाच्या पोटातून थेट उत्तरेला डार्विनपर्यंत जातो. या रस्त्याने ॲडलेडहून सुमारे ८५० किलोमीटर गेल्यावर कूबर पीडी लागते. लोकवस्ती जेमतेम दीड-दोन हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी. वर्षाकाठी पाऊस पडतो तो दीडशे मिलिमीटरच्या आसपास. उन्हाळ्यात (तो तिकडे डिसेंबर ते फेब्रुवारी) पारा चाळिशीच्या वर अनेक दिवस मुक्काम ठोकतो, आणि हिवाळ्यातल्या रात्री मात्र हाडे गोठवणाऱ्या असतात.

हा प्रदेश ओसाड दिसतो म्हणून तो निर्मनुष्य होता असे नाही. अंताकिरिन्या आणि त्यांच्याशी जवळचे नाते असलेल्या आदिवासी समूहांचा वावर या भूमीत हजारो वर्षांपासून आहे. पाण्याच्या जागा, खाण्याजोग्या वनस्पती आणि वाटा त्यांना पाठ होत्या. मात्र वाळवंटात फिरत्या जगण्यालाच अर्थ असतो, एका जागी ठाण मांडून बसण्याला नाही. ठाण मांडणारे लोक आले ते १९१५ नंतर. त्यांचे वागणे पाहून स्थानिकांनी जे म्हटले तेच गावाचे नाव झाले, असे मानले जाते: ‘कुपा पिती’, म्हणजे गोऱ्या माणसाचे बीळ. १९२० मध्ये हेच नाव इंग्रजी वळणाने कूबर पीडी असे अधिकृतपणे नोंदवले गेले. एखाद्या गावाला इतके नेमके नाव क्वचितच मिळते.

सोने शोधायला गेले आणि पोराला ओपल सापडला

१९१५ च्या जानेवारीत जिम हचिसन नावाचा एक गृहस्थ आपले साथीदार आणि विली नावाचा चौदा वर्षांचा मुलगा यांना घेऊन या भागात सोने शोधत हिंडत होता. सोने मिळाले नाहीच. पाणीही संपत आले. १ फेब्रुवारीला मोठी माणसे पाण्याच्या शोधात निघाली आणि पोराला तळावरच थांबायला बजावून गेली. ती परतली तेव्हा तळावर पोरगा नव्हता. अंधार पडला, बापाच्या पोटात गोळा आला, आणि काही वेळाने विली अंधारातून सावकाश चालत आला. त्याच्या खांद्यावर साखरेची रिकामी पिशवी होती आणि तिच्यात रंगीत चमकणारे दगड, म्हणजे ओपल हे रत्न, होते. पाण्याची जागाही त्यानेच शोधून काढली होती. बापाचे न ऐकण्याचा एवढा मोठा मोबदला क्वचितच कोणाला मिळाला असेल. थोड्याच दिवसांत खाणकामासाठी जमिनीवर पहिला दावा ठोकला गेला.

त्यानंतर माणसे येत गेली. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व आणि पश्चिम भागांना जोडणारा लांबलचक लोहमार्ग १९१७ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा मोकळे झालेले मजूर इकडे वळले. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिकही आले. १९३० च्या दशकातल्या जागतिक मंदीत ओपलचे भाव कोसळले आणि गाव जवळजवळ रिकामे झाले. मग १९४६ मध्ये टॉटी ब्रायंट या आदिवासी स्त्रीला गावाबाहेर ‘एट माइल’ नावाच्या भागात भरपूर ओपल सापडला आणि पुन्हा झुंबड उडाली. दुसऱ्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त युरोपातून ग्रीक, सर्ब, क्रोएट, इटालियन, हंगेरियन असे अनेक देशांचे लोक इथे आले. इथे कोणी कागदपत्रे फारशी विचारत नव्हते, इंग्रजी आले नाही तरी चालत होते, आणि नशीब उघडले तर एका दिवसात उघडत होते. आजही एवढ्याशा गावात पंचेचाळीसहून अधिक देशांतून आलेल्या लोकांची कुटुंबे आहेत असे तिथले लोक अभिमानाने सांगतात.

इथे एक धागा आपल्या बाजूने जातो, तो सांगायला हवा. मोटारी आणि रेल्वे येण्यापूर्वी ऑस्ट्रेलियाच्या या रखरखीत मध्यभागात पाणी, पीठ, अवजारे आणि लोकर वाहून नेण्याचे काम उंटांनी केले. १८६६ मध्ये शंभराहून अधिक उंट आणि ३१ उंटवाले कराचीहून जहाजाने आणले गेले. पुढे असे हजारो उंट आले. कराची त्या काळी मुंबई इलाख्यात होती. उंटवाल्यांत बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी असे अनेक जण असत, पण ऑस्ट्रेलियात त्या सगळ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले गेले. ॲडलेड ते डार्विन धावणाऱ्या ‘द घान’ या प्रसिद्ध रेल्वेगाडीचे नाव त्या ‘अफगाण’चेच शेपूट आहे. ही गाडी कूबर पीडीपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या मांगुरी या थांब्यावरून जाते.

ओपल म्हणजे नेमके काय?

रासायनिकदृष्ट्या ओपल म्हणजे वाळू आणि पाणी, एवढे म्हटले तरी पुरे. वाळूत जो सिलिका नावाचा पदार्थ असतो तोच ओपलमध्ये असतो, आणि त्याच्या कणांत थोडेसे पाणी कायमचे अडकलेले असते. शब्दही आपल्या ओळखीचा आहे: युरोपीय भाषांतला हा शब्द संस्कृत ‘उपल’ म्हणजे दगड यावरून गेला, असे मत शब्दकोशांत दिलेले असते.

मग वाळू चमकत नाही आणि ओपल का चमकतो? फळांच्या गाडीवर संत्र्यांची रास रचलेली आठवा. सारख्या आकाराची संत्री एकावर एक नीट बसवली की त्यांच्यामध्ये सारख्याच आकाराच्या फटी राहतात. ओपलमध्ये सिलिकाचे गोळे असेच रचलेले असतात, फक्त ते इतके बारीक असतात की एका मिलिमीटरच्या रेषेत तीन ते सहा हजार गोळे मावतील. प्रकाश या रचनेत शिरतो आणि परतताना त्याचे रंग वेगवेगळे होतात. गोळे लहान असतील तर निळा-जांभळा, मोठे असतील तर नारिंगी-लाल. दगड हातात फिरवला की रंग जागा बदलतात, कारण रंग दगडात नसतोच. तो त्या रचनेतून प्रकाशाला मिळतो. हे गुपित १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून उलगडले. गोळे लहान-मोठे आणि अस्ताव्यस्त असतील तर दगड नुसता पांढरट किंवा करडा राहतो. खाणकामगार त्याला ‘पॉच’ म्हणतात, आणि खाणीतून निघणाऱ्या ओपलमध्ये बहुतांश पॉचच असतो.

हा दगड इथेच का? अकरा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास ऑस्ट्रेलियाच्या पोटात एक उथळ समुद्र होता. समुद्र आटला आणि त्याच्या तळाचा गाळ खडक झाला. पुढे प्रदीर्घ काळ हा खडक झिजत आणि कुजत गेला, त्यातली सिलिका भूजलात विरघळून खाली झिरपली आणि भेगांत, पोकळ्यांत, कधी शिंपल्यांच्या व हाडांच्या साच्यात बसून हळूहळू घट्ट झाली. म्हणूनच कूबर पीडीत ओपलचे शिंपले सापडतात. १९८७ मध्ये एका खाणीत तर समुद्रात राहणाऱ्या प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्याचा ओपल झालेला सांगाडा मिळाला. त्याला लोकांनी ‘एरिक’ हे नाव दिले आणि तो परदेशी संग्राहकाकडे जाऊ नये म्हणून वर्गणी काढून तो सिडनीच्या संग्रहालयासाठी विकत घेतला. रत्न म्हणून सांगायचे तर १९५६ मध्ये एट माइल भागात सापडलेला ‘ऑलिंपिक ऑस्ट्रालिस’ हा सुमारे १७,००० कॅरट, म्हणजे जवळजवळ साडेतीन किलोचा ओपल आजही न कापता जपून ठेवलेला आहे. त्या वर्षी मेलबर्नला ऑलिंपिक भरले होते, त्यावरून ते नाव.

मोठ्या कंपन्यांनी ही खाण गिळली कशी नाही?

हा प्रश्न रास्त आहे, कारण सोने, लोखंड, कोळसा यांच्या बाबतीत तेच घडले. याला दोन कारणे आहेत. पहिले कारण दगडाच्या स्वभावात आहे. लोखंडाचा साठा किती आहे, तो कुठवर पसरला आहे, हे आधी मोजता येते आणि त्यावर बँकेकडून कर्ज काढता येते. ओपलचे तसे काहीच नाही. शेजारच्याला दहा फुटांवर घबाड मिळते आणि तुम्ही वर्षभर खणून पॉच काढत बसता. हिशेब मांडणाऱ्या कंपनीला असला धंदा परवडत नाही; तो आशेवर जगणाऱ्या माणसालाच परवडतो. दुसरे कारण कायद्याचे. दक्षिण ऑस्ट्रेलियात ओपलसाठी परवाना काढून साधारणतः ५० मीटर बाय ५० मीटर किंवा ५० बाय १०० मीटर एवढ्याच तुकड्यावर चार खुंट्या ठोकून दावा सांगता येतो. एवढ्या तुकड्यात दोन-तीन भागीदार आणि त्यांची यंत्रे मावतात, यापेक्षा मोठा कारभार नाही.

काम असे चालते. मोठ्या गिरमिटासारख्या यंत्राने सुमारे मीटरभर रुंदीचे उभे भोक पाडतात, त्यातून वीस-पंचवीस मीटरपर्यंत खाली उतरतात आणि ओपल ज्या थरात असण्याचा संभव, त्या थरात आडवे बोगदे काढतात. फुटलेला खडक वर काढायला ट्रकवर बसवलेले एक अवाढव्य यंत्र असते; घरातला व्हॅक्यूम क्लीनर हत्तीएवढा केला तर जसा दिसेल तसे ते दिसते. ते खडक वर ओढते आणि शेजारी ओतते. त्यातून शंकूसारखे पांढरट ढिगारे तयार होतात. विमानातून पाहिले तर जमिनीवर हजारो मुंग्यांची वारुळे असावीत असे दृश्य. एकेका ढिगाऱ्याशेजारी एकेक उघडे भोक. म्हणूनच रस्त्यावर प्रवाशांसाठी पाट्या आहेत: पळू नका, आणि मागे न पाहता पाऊल मागे टाकू नका. फोटो काढताना कॅमेरा डोळ्याला लावून मागे सरकणारी माणसे जगभर आहेत. इथे ती सवय जिवावर बेतू शकते.

मग घरे खाली कशी गेली?

लाकूड नाही, पाणी नाही, विटा नाहीत, सिमेंट शेकडो किलोमीटरवरून उंटाच्या पाठीवरून यायचे. अशा ठिकाणी पत्र्याची झोपडी घातली तर दुपारी तिचा तवा होतो. दिवसभर खाणीत काम करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळत असणार: खाली गार आहे. युद्धावरून आलेल्या सैनिकांनी युरोपातल्या खंदकांत महिनोन्महिने काढले होते, त्यांना जमिनीत राहण्याचे अप्रूप नव्हते. त्यांनी खंदकाला जो शब्द वापरला होता तोच इथे घराला चिकटला: डगआउट. आजही कूबर पीडीत जमिनीखालच्या घराला डगआउटच म्हणतात.

सर्वांत मोठा गैरसमज इथे दूर करावा लागतो. शिडी उतरून विहिरीसारख्या खड्ड्यात राहणे असे हे नाही. डगआउट टेकडीच्या कुशीत आडवे कोरलेले असते. रस्त्याच्या पातळीवर दार असते, दारापुढे ओसरी असते, गाडी उभी करायला जागा असते. आत जाल तसे डोक्यावरचे डोंगराचे पांघरूण जाड होत जाते. खाली उतरण्यापेक्षा आत शिरणे असे म्हणणे अधिक बरोबर. जुनी डगआउट कुदळीने आणि सुरुंगाने कोरलेली, त्यामुळे त्यांच्या भिंती खडबडीत. नवी यंत्राने कोरलेली असतात. यंत्राचे फिरते दात खडकावर गोल, एकात एक गुंतलेल्या रेघा उमटवून जातात, आणि त्या रेघा लोक मुद्दाम तशाच ठेवतात. पांढरा, पिवळा, गेरूसारखा लाल असे खडकाचे पट्टे एका भिंतीवरून दुसरीवर सलग वाहत गेलेले दिसतात. त्यावर पारदर्शक लेप दिला जातो, नाहीतर खडकाची भुकटी रोज थोडी थोडी अंथरुणावर पडत राहते. भिंतीत कोनाडा हवा असेल तर सुताराला बोलवायचे नाही, कोरायचे. फडताळही कोरायचे. ‘घर बांधले’ हा शब्दप्रयोगच इथे लागू पडत नाही, कारण घर होते ते जे काढून टाकले त्यामुळे.

खडक थंड का राहतो?

खरे तर तो थंड नसतोच. तो स्थिर असतो. हिवाळ्याच्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते आणि उन्हाळ्यात गार लागते, हे विहिरीवर आंघोळ केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पाण्याचे तापमान फारसे बदललेले नसते, बदललेली असते ती बाहेरची हवा. डगआउटचे रहस्य तेवढेच आहे.

त्यामागचे तत्त्व समजण्यासाठी एक दोरी डोळ्यांसमोर आणा. तिचे एक टोक जोरात हलवले तर लाट निघते, पण दोरी जाड आणि जड असेल तर लाट काही हातांवरच विरते. पृष्ठभागावरची उष्णता खडकात अशीच लाटेने शिरते. दिवसा तापणे आणि रात्री निवणे ही झटपट हलणारी लाट अर्धा-पाऊण मीटर खोलीवर जवळजवळ संपते. उन्हाळा-हिवाळा ही संथ लाट अधिक खोल जाते, पण चार-पाच मीटरपर्यंत पोचेस्तोवर तीही बरीच विरलेली असते, शिवाय उशिराने पोचते. वर हिवाळ्याची चाहूल लागते तेव्हा खाली उन्हाळ्याची उरलीसुरली ऊब येत असते. त्याहून खाली उरते ते साऱ्या वर्षाचे सरासरी तापमान. कूबर पीडीत ही सरासरी विशीच्या किंचित वर आहे. त्यात राहणाऱ्या माणसांची, स्वयंपाकाची आणि दिव्यांची ऊब मिळवली की घरात बारा महिने २३ ते २५ अंश राहतात.

या स्पष्टीकरणातला महत्त्वाचा शब्द ‘सरासरी’ आहे, तो निसटू देऊ नये. जिथे वर्षाची सरासरीच अठ्ठावीस-तीस अंश आहे, तिथे जमिनीखाली शिरलात तरी खडक तुम्हाला अठ्ठावीस-तीस अंशच देईल. कूबर पीडीचे भाग्य असे की तिथला उन्हाळा भयंकर आहे, पण हिवाळाही कडक आहे, आणि दोघांचा मध्य माणसाला नेमका सुखाचा वाटतो.

ओल, अंधार आणि घुसमट

आपल्याकडे तळघर म्हटले की कुबट वास आधी आठवतो. तो वास ओलीचा असतो, आणि कूबर पीडीत ओल येणार कुठून? पाऊस नाममात्र, भूजल खूप खाली, हवा कोरडी. तिथल्या लोकांची तक्रार असलीच तर कोरडेपणाची आणि धुळीची असते. हवेसाठी प्रत्येक खोलीच्या छतातून वर टेकडीच्या माथ्यापर्यंत नळी काढलेली असते. गावात टेकड्यांवर जमिनीतून वर आलेले टोपीवाले पाइप जागोजागी दिसतात, आणि पायांखाली कोणाचे तरी शयनगृह आहे याची तेवढीच एक खूण असते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बहुधा दाराच्या बाजूला ठेवतात, म्हणजे नळ आणि सांडपाण्याची सोय सोपी होते आणि वाफ बाहेर जाते. पुढच्या खोल्यांना खिडक्याही असतात.

अंधार मात्र खरा आहे. आतल्या खोलीत दिवा मालवला की भरदुपारीही डोळ्यांत बोट घातले तरी दिसत नाही. अनेकांना अशी झोप आवडते, वाऱ्याचा आणि रस्त्याचा आवाज शून्य असतो. काहींना ती मानवत नाही, आणि असे लोक वर, साध्या घरांत राहतात. सगळे गाव जमिनीखाली राहते हे खरे नाही. निम्मे किंवा त्याहून थोडे अधिक लोक डगआउटमध्ये राहतात असे सांगितले जाते. शाळा, इस्पितळ, पेट्रोल पंप हे सारे वरच आहे.

छत कोसळणार नाही का, हा पुढचा प्रश्न. इथला वालुकामय खडक कुदळीला नमेल इतका मऊ आहे आणि तरीही खांबांशिवाय उभा राहील इतका सलग आहे, असा योग फार थोड्या ठिकाणी जुळतो. तरी नियम आहेतच: आता नव्या डगआउटच्या छतावर किमान चार मीटर जाडीचा खडक राखावा लागतो. पाऊस कमी, त्यामुळे खडक भिजून सैल होण्याची भीतीही कमी.

एसी लावून वर का राहत नाहीत?

वर राहणारे लावतातच. पण कूबर पीडी देशाच्या मुख्य वीजजाळ्याला जोडलेले नाही. आपली वीज आपणच तयार करायची असे हे गाव आहे. अनेक दशके ती डिझेलवर तयार होत असे, आणि डिझेल शेकडो किलोमीटरवरून टँकरने येत असे. २०१७ पासून तिथे ४ मेगावॉटच्या पवनचक्क्या, १ मेगावॉटचे सौर पॅनेल आणि बॅटरी असा संच बसवलेला आहे, आणि आता सुमारे सत्तर टक्के वीज वारा आणि उन्हातून मिळते. ज्या उन्हापासून पळून माणसे जमिनीत शिरली तेच ऊन आता दिवे लावते. पाण्याचीही तीच कथा: गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या कूपनलिकेतून खारे पाणी उपसायचे, गाळून गोडे करायचे आणि मग नळाला सोडायचे. अशा ठिकाणी विजेची बचत ही हौस नसते. एसीशिवाय निभणारे घर म्हणजे दर महिन्याची रोख बचत असते.

पाहण्यासारखे काय आहे?

गावात शिरताच टेकडीवर एक झाड दिसते, ते लोखंडाचे आहे. जळालेल्या ट्रकच्या सळ्या आणि पत्रे जोडून ते उभे केले, आणि गावातले पहिले झाड तेच, असे सांगतात. जमिनीखाली कोरलेल्या प्रार्थनास्थळांपैकी सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्च चुकवू नये; १९९३ मध्ये कोरलेल्या या चर्चचे उंच कमानदार छत आणि भिंतीतच कोरलेल्या संतांच्या आकृती पाहताना आपल्याकडच्या माणसाला लेण्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. उमूना येथे जुन्या खाणीतच संग्रहालय आहे. खाण, डगआउट आणि ओपलचे जीवाश्म तिथे एकत्र पाहता येतात. फेचे घर म्हणून ओळखले जाणारे डगआउट फे नेलर आणि तिच्या दोन मैत्रिणींनी १९६० च्या दशकात स्वतः खणले, त्यात पुढे पोहण्याचा तलावही झाला.

गोल्फचे मैदान आहे, पण त्यावर गवताचे पाते नाही. खेळाडू हिरवळीचा छोटा तुकडा बरोबर घेऊन फिरतात आणि चेंडू मारायचा असला की तो खाली ठेवतात. उन्हाळ्यात खेळ रात्री, अंधारात चमकणाऱ्या चेंडूंनी चालतो. उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कांकू-ब्रेकअवेज नावाच्या रंगीत टेकड्या आहेत, त्या सायंकाळीच पाहाव्यात. ऊन उतरते तसा प्रत्येक थराचा रंग बदलतो. आदिवासींच्या दृष्टीने ती पवित्र भूमी आहे आणि तिथल्या व्यवस्थापनात त्यांचा वाटा आहे. त्याच बाजूला डिंगो कुत्र्यांपासून मेंढ्या वाचवण्यासाठी घातलेले सुमारे ५,६०० किलोमीटर लांबीचे तारेचे कुंपण आडवे जाते.

आणि ज्याला नशीब अजमावायचे आहे त्याने ढिगारे उपसावेत. सुगी झाल्यावर शेतात उरलेली कणसे आणि दाणे वेचण्याला आपल्याकडे सरवा वेचणे म्हणतात. कूबर पीडीत यंत्राच्या नजरेतून सुटलेले ओपल ढिगाऱ्यांतून वेचण्याचा असाच रिवाज आहे, आणि त्यासाठी गावात लोकांना मोकळी ठेवलेली एक जागाही आहे. कोणाच्या दाव्यावरच्या ढिगाऱ्याला मात्र परवानगीविना हात लावायचा नाही. शेतकऱ्याने मुभा दिल्याशिवाय सरवाही वेचत नाहीत, तसेच हे. विकत घ्यायचा असेल तर एवढे लक्षात ठेवावे की इथला ओपल बहुधा पांढऱ्या अंगाचा असतो, आणि पातळ चकती काळ्या पाठीवर चिकटवून भरीव ओपलसारखे दिसणारे खडे जगभर विकले जातात. दगडाची बाजूने दिसणारी कड पाहिली की चिकटवल्याची सरळ रेघ कळते. पुढून काच आणि मागून कोंदण असेल तर ती कड दिसतच नाही. अशा वेळी स्पष्ट विचारावे.

हे विदर्भात का करू नये?

उन्हाळ्यात हा प्रश्न हमखास येतो. आपल्या दख्खनच्या पठारावरचा काळा बेसाल्ट खडक कुदळीला दाद देत नाही. त्यात लेणी कोरली गेली ती पिढ्यान्पिढ्यांच्या श्रमाने आणि राजाश्रयाने. त्यावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात फाटते. चार महिन्यांच्या पावसात खडकाच्या भेगा पाझरतात. आणि वर सांगितलेली सरासरी नागपूरची घेतली तर ती कूबर पीडीहून बरीच वर आहे. म्हणजे मऊ पण सलग खडक, कोरडी हवा आणि सौम्य सरासरी या तिन्ही गोष्टी आपल्याकडे एकत्र येत नाहीत. जाड मातीच्या भिंती आणि धाब्याची घरे हे त्याच तत्त्वाचे आपल्या हवेला मानवणारे रूप होते, एवढे मात्र म्हणता येईल.

ओपल संपला तर?

दगड संपलेला नाही, खणणारे कमी झाले आहेत. डिझेल महागले, जुने खाणकामगार थकले, त्यांची मुले ॲडलेडला गेली, आणि २००८ नंतर इथिओपियाचा ओपलही बाजारात मोठ्या प्रमाणात आला. गावाची नगरपरिषद कर्जाच्या ओझ्याखाली इतकी वाकली की २०१९ मध्ये राज्य सरकारने तिच्यावर प्रशासक नेमला. आज गावाचा मोठा आधार पर्यटन आहे. प्रवासी ज्या भूमिगत हॉटेलांत झोपतात त्यांतली काही पूर्वीच्या खाणींतच उभी राहिली आहेत.

गावठाणाच्या हद्दीत आता ओपलसाठी खाणकाम करता येत नाही. घर वाढवायला मात्र कोणाची ना नसते. कुटुंब वाढले, पाहुण्यांना खोली हवी, कपड्यांना कपाट हवे, की भिंत कोरायला घेतात. कोरताना ओपलची शीर लागल्याच्या गोष्टी गावात अनेक आहेत, आणि गरजेपेक्षा जास्त खोल्या असलेली डगआउटही.